शमुएल : नावाचा अर्थ शोधताना आधी अक्षरे, मग गोष्ट

मुलांच्या नावांच्या याद्यांमध्ये ‘सॅम्युएल’पुढे बहुतेक वेळा ‘देवाने ऐकले’ असा अर्थ दिलेला असतो. कुठे ‘देवाकडे मागितलेला’, तर कुठे ‘देवाचे नाव’. एकाच नावाचे तीन अर्थ पाहून वाचक गोंधळतो आणि कानाला गोड वाटेल तो अर्थ उचलतो. गोंधळायचे खरे तर कारण नाही. या तीन अर्थांपैकी एक अक्षरांतून निघतो, दुसरा गोष्टीतून, आणि तिसरा अक्षरांच्या कसोटीवर टिकतच नाही. कोणता कुठला हे हिब्रू बोलता न येणाऱ्या मराठी वाचकालाही एका संध्याकाळी तपासता येते. इथे ती पद्धत शमुएल या नावावर करून दाखवली आहे. दानिएल, गॅब्रिएल, एझेकिएल, इश्माएल अशा ‘एल’ने संपणाऱ्या इतर नावांनाही ती चालते.

हाताशी काय हवे

पहिले म्हणजे मराठी बायबल. त्यात हे नाव ‘शमुवेल’ असे येते. दुसरे, स्वरचिन्हांसह छापलेला हिब्रू मजकूर. सेफारियासारख्या संकेतस्थळावर तो मोफत वाचता येतो. तिसरे, २२ हिब्रू अक्षरांचा तक्ता. चौथे, धातूंनुसार लावलेला हिब्रू शब्दकोश. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिला. त्या क्रमांकांनी शोधता येणारी साधने मोफत मिळतात आणि नवख्याला फार उपयोगी पडतात. आपल्याला लागणारे क्रमांक इथेच टिपून ठेवा : शमुएल ८०५०, शेम म्हणजे नाव ८०३४, एल म्हणजे देव ४१०, ऐकणे ८०८५, मागणे ७५९२, शौल राजाचे नाव ७५८६.

हे क्रमांक शब्द सापडावा म्हणून आहेत. क्रमांकाशेजारी दिलेला एका ओळीचा अर्थ अंतिम मानू नका. नावांच्या याद्यांतले बरेच घोटाळे त्या एका ओळीतूनच सुरू होतात.

फोनवर हिब्रू शब्द शोधताना स्वरचिन्हे काढून फक्त व्यंजने टाका. चिन्हांसह शोधले तर शब्द डोळ्यांसमोर असूनही ‘सापडला नाही’ असे उत्तर येऊ शकते.

नाव मूळ लिपीत मांडणे

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. शमुएलची अक्षरे त्या क्रमाने पाच : शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद. वहीत ती एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचे काम लिहा. शिनचा उच्चार ‘श’. त्याखाली उभे दोन ठिपके असतात, त्याला श्वा म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीला तो अगदी ओझरत्या ‘अ’सारखा उच्चारला जात असे. मेम म्हणजे ‘म’. वाव इथे व्यंजन नाही. त्याच्या पोटात ठिपका आहे, म्हणून तो ‘ऊ’ हा स्वर दाखवतो. आलेफ हे कंठातल्या किंचित थांब्याचे अक्षर, आणि त्याखालची चिन्हे त्याला ‘ए’ करतात. शेवटचा लामेद म्हणजे ‘ल’.

मूळ लेखन व्यंजनांचेच होते. स्वरचिन्हे मॅसोराकार, म्हणजे बायबलचा मजकूर जपणाऱ्या ज्यू विद्वानांनी ख्रिस्तोत्तर सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान बसवली. त्यामुळे अर्थाचा वाद निघाला की साक्ष आधी व्यंजनांची आणि मग स्वरांची घ्यायची.

इथे मराठी वाचक हमखास फसतो अशी एक जागा आहे. ‘शमुवेल’मधला ‘व’ पाहून वाटते की हाच तो हिब्रू वाव. तसे नाही. मराठीत ‘उ’नंतर लगेच ‘ए’ आला की तोंडात आपोआप ‘व’ येतो आणि मराठी बायबलने तोच लिहून ठेवला आहे. हिब्रूतला वाव त्याच्या आधीच्या ‘उ’मध्ये आहे. ‘व’च्या जागी खरे तर आलेफ आहे, आणि पुढचा सगळा निकाल या आलेफवर लागणार आहे.

‘सॅम्युएल’ या रूपावरून मागे जाऊ नका. ग्रीक भाषेत ‘श’ नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून ज्यू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले तेव्हा शमुएलचा ‘सामुएल’ झाला. ग्रीकमधून तो लॅटिनमध्ये आणि लॅटिनमधून युरोपच्या भाषांत गेला, आणि इंग्रजीने ‘सा’चा ‘सॅ’ केला. या प्रवासात आलेफ आणि आयिन ही दोन्ही कंठाक्षरे पुसली गेली. ग्रीक किंवा इंग्रजी रूपावर अर्थ शोधणे म्हणजे अर्धी अक्षरे गळालेल्या शिलालेखावरून मजकूर लावण्यासारखे आहे.

हे नाव आणखी कोणाचे होते?

ही पायरी बरेच जण गाळतात, पण तिला दहाच मिनिटे लागतात. १ शमुवेल या पुस्तकात ज्याची जन्मकथा आहे त्या शमुएल संदेष्ट्याखेरीज हिब्रू बायबलमध्ये आणखी दोन शमुएल आहेत : गणना ३४:२० मधला शिमोन वंशाचा, अम्मीहूदचा मुलगा, आणि १ इतिहास ७:२ मधला इस्साखार वंशाचा, तोलाचा मुलगा. या दोघांच्या आयांनी नवस बोलल्याचे कुठेही आलेले नाही. म्हणजे हे नाव वापरातलेच होते, केवळ संदेष्ट्याची आई हन्ना हिच्या नवसाच्या प्रसंगासाठी घडवलेले नव्हते. नावाला त्या गोष्टीबाहेरही काही अर्थ असलाच पाहिजे, हे इथेच नक्की होते.

वचन शोधताना एक अडचण येईल. मराठी आणि हिब्रू बायबलमधले वचनांचे क्रमांक काही ठिकाणी जुळत नाहीत. संदेष्ट्याचे नाव मराठीत १ इतिहास ६:३३ मध्ये आहे, तर हिब्रू प्रतीत ते ६:१८ मध्ये सापडते. क्रमांकावर काही मिळाले नाही तर चार वचने मागेपुढे न शोधता अध्यायाची सुरुवात कुठे धरली आहे ते पाहा. १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात मात्र क्रमांक सारखेच आहेत.

नावाची फोड

शेवटची दोन अक्षरे, आलेफ आणि लामेद, म्हणजे ‘एल’. ‘एल’ म्हणजे देव. यात वाद नाही. उरतात शिन, मेम आणि वाव. शिन-मेम म्हणजे ‘शेम’, नाव. मधला ‘ऊ’ हे दोन शब्द जोडतो. सरळ फोड केली की मिळते : शेम + ऊ + एल, देवाचे नाव.

मधला ‘ऊ’ कुठून आला याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले असे की तो जुन्या सेमिटिक, म्हणजे हिब्रू, अरबी, अक्कडी यांच्या कुळातल्या, भाषांतल्या प्रथमा विभक्तीचा प्रत्यय आहे. बोलण्यातून तो गेला, नावांत गोठून राहिला. दुसरे असे की तो ‘त्याचे’ असा अर्थ देणारा प्रत्यय आहे, आणि मग अर्थ होतो ‘त्याचे नाव एल’. आमच्या मते पहिले स्पष्टीकरण जास्त भक्कम आहे, कारण त्याला बायबलमध्येच जोड मिळते. उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात याकोब रात्रभर झुंजतो आणि त्या जागेला नाव देतो. मराठी क्रमांकाप्रमाणे ३०व्या वचनात ते नाव पनीएल आहे आणि लगेच ३१व्यात पनुएल. जागा तीच, अर्थही तोच, देवाचे मुख. मधला स्वर एकदा ‘ई’ आणि एकदा ‘ऊ’. म्हणजे हा स्वर दोन शब्दांना सांधणारा आहे आणि अर्थात काही भर घालत नाही. शमुएल पनुएलच्याच घाटाचा आहे.

बायबलबाहेरही पुरावा आहे. ख्रिस्तपूर्व एकोणिसाव्या शतकात, आजच्या दक्षिण इराकमधल्या लार्सा नगरीत ‘सुमू-एल’ नावाचा राजा होता. बाबिलोनच्या पहिल्या राजवंशात ‘सुमू-ला-एल’ आहे. ही अमोरी लोकांची नावे. त्यांतला ‘सुमू’ म्हणजे हिब्रू ‘शेम’चा भाऊ. अक्कडी भाषेतल्या ‘शुमू’ला आणखी एक छटा आहे : नाव, आणि नाव चालवणारे मूलही. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण ‘घराण्याचे नाव राखणारा’ हा आपल्याकडे वारसाला दिलेलाच शब्दप्रयोग आहे. म्हणून काही अभ्यासक सुमू असलेल्या नावांचा अर्थ ‘देवाने दिलेला वंशज’ असाही करतात. ही छटा नोंदवून ठेवावी, पण ‘देवाचे नाव’च्या जागी बसवू नये.

आयिनची परीक्षा

आता ‘देवाने ऐकले’ या अर्थाकडे. हिब्रूत ऐकण्याचा धातू ‘शामा’, अक्षरे शिन, मेम, आयिन. देवनागरीत आलेफ आणि आयिन दोन्ही ‘अ’सारखे दिसतात, म्हणून डोळ्याला फरक कळत नाही. हिब्रूत ही दोन वेगळी व्यंजने आहेत. आयिन घशाच्या खोल भागातून निघतो. अरबी येत असलेल्यांनी तिथला ‘ऐन’ आठवावा.

कसोटी सोपी आहे. ज्या नावांत ऐकण्याचा धातू नक्की आहे अशी तीन नावे घ्या आणि त्यांची अक्षरे शमुएलशेजारी मांडा.

इश्माएल : योद, शिन, मेम, आयिन, आलेफ, लामेद. उत्पत्ती १६:११ मध्ये कारणही दिले आहे, परमेश्वराने तुझे दुःख ऐकले.
शिमोन : शिन, मेम, आयिन, वाव, नून. उत्पत्ती २९:३३, पुन्हा ऐकण्याचेच कारण.
अलीशामा : आलेफ, लामेद, योद, शिन, मेम, आयिन.
शमुएल : शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद.

पहिल्या तिन्हींत आयिन आहे. शमुएलमध्ये नाही. इश्माएलकडे नीट पाहा : तिथे आयिन आणि ‘एल’चा आलेफ शेजारी शेजारी येऊनही दोन्ही टिकले आहेत. म्हणजे ‘दोन कंठाक्षरे जवळ आली म्हणून एक गळाले’ हा बचाव शमुएलसाठी करता येत नाही.

बारकाईने वाचणारा इथे एक रास्त शंका काढेल. १ शमुवेल १:१७ मध्ये ‘तुझे मागणे’ हा शब्द आलेफशिवाय लिहिलेला आहे. मग अक्षरे गळतातच ना? गळतात, पण आलेफ. त्याचा आवाज लवकर मंदावला, म्हणून लिहिताना तो कधी कधी सुटतो. बायबलच्या हिब्रूत आयिन असा सहज सुटत नाही. ‘देवाने ऐकले’ हा अर्थ या कारणाने बाजूला ठेवायचा.

हा अर्थ इतका पसरला, त्याला मात्र कारण आहे. १ शमुवेलच्या तिसऱ्या अध्यायात रात्री मंदिरात झोपलेल्या मुलाला हाक ऐकू येते. तीनदा तो एली या मुख्य याजकाकडे धावतो, आणि चौथ्या हाकेला म्हणतो की बोल, तुझा दास ऐकत आहे. तिथे ‘शामा’ धातूच आहे, आणि शमुएल व शामा यांचा नाद कानात मिसळतो. पण त्या प्रसंगात ऐकणारा मुलगा आहे, देव बोलणारा आहे. पहिल्या अध्यायात तर हा धातू उलट्याच जागी येतो : १३व्या वचनात हन्नाचे ओठ हलत होते, पण तिचा आवाज ऐकू येत नव्हता. एलीला वाटले ती प्यायलेली आहे. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात, बराखोत ३१ या पानावर, प्रार्थना कशी करावी याचे नियम याच बाईकडून घेतले आहेत : ओठ हलावेत, आवाज चढू नये. मुख्य याजकाला कळले नाही ते पुढच्या पिढ्यांनी तिच्याकडून शिकून घेतले.

आईने सांगितलेले कारण

अक्षरांचे काम संपले की गोष्ट वाचायची. एफ्राइमच्या डोंगराळ मुलखातला एलकाना, त्याच्या दोन बायका : पनिन्नाला मुले आहेत, हन्नाला नाहीत. दरवर्षी शिलोच्या यात्रेला गेले की सवत तिला टोचून बोलते. हन्ना नवस करते की मुलगा झाला तर तो आयुष्यभर तुला देईन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. मुलगा होतो, आणि २०व्या वचनात ती नाव ठेवते ‘शमुएल’, कारण ‘मी त्याला परमेश्वराकडून मागून घेतले’.

तिने वापरलेला धातू आहे ‘शाअल’, मागणे : शिन, आलेफ, लामेद. हिब्रू प्रत समोर ठेवून पहिल्या अध्यायात हा धातू किती वेळा येतो ते मोजा. १७व्या वचनात दोनदा, २०व्यात एकदा, २७व्यात दोनदा, २८व्यात दोनदा. एकूण सात. मराठीत वाचताना हे दिसत नाही, कारण भाषांतरात कुठे ‘मागणे’, कुठे ‘विनंती’, कुठे ‘समर्पण’ असे वेगवेगळे शब्द येतात. निदान हा एक अध्याय तरी मूळ अक्षरांत पाहावा. हिब्रू येत नसले तरी शिन-आलेफ-लामेद ही तीन अक्षरे डोळ्यांनी ओळखणे अवघड नाही.

‘शाअल’वरून व्याकरणाने शमुएल होत नाही; मध्ये मेम येण्याचे कारणच नाही. मध्ययुगातल्या काही टीकाकारांनी ‘शाऊल मेएल’, म्हणजे ‘देवाकडून मागितलेला’, याचा हा संक्षेप मानला. अर्थ सुरेख आहे, पण अक्षरांचा क्रम जुळत नाही. त्या जोडशब्दात वाव आधी आणि मेम नंतर, शमुएलमध्ये मेम आधी आणि वाव नंतर.

‘शाअल’वरून सरळ होणारे नाव म्हणजे शाऊल, इस्राएलचा पहिला राजा, मराठी बायबलमधला शौल. आणि २८व्या वचनात हन्ना आपल्या मुलाबद्दल जे म्हणते त्यात शब्दशः ‘तो परमेश्वराला शाऊल आहे’ असेच येते, म्हणजे वाहिलेला, दिलेला. यावरून काही अभ्यासकांनी असे मांडले की ही जन्मकथा मूळची शौलाची, नंतर शमुएलला जोडली गेली. आम्हांला हे पटत नाही. बायबलमधल्या आया आणि बाप नावाचे कारण सांगताना व्याकरण करत नाहीत, ते नादावर बोलतात. उत्पत्ती ५:२९ मध्ये नोहाचे कारण ‘सांत्वन’ या वेगळ्याच धातूवरून दिले आहे. निर्गम २:१० मध्ये मोशेचे कारण ‘पाण्यातून काढला’ असे आहे, पण ‘मोशे’ या रूपाचा अर्थ हिब्रूत ‘काढणारा’ होतो. या सवयीकडे पाहता हन्नाचे बोलणे नेमके तिच्या जागी आहे. पुढे हाच शमुएल लोकांनी ‘मागितलेल्या’ राजाला, शौलाला, अभिषेक करणार आहे. सात वेळा घुमलेला ‘शाअल’ त्या राजाची चाहूल देतो असे वाचले तर कथा दुसऱ्या कोणाची मानण्याची गरज उरत नाही.

ज्यू प्रार्थनावर्षात या अध्यायाची जागा ठरलेली आहे : रोश हाशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, पहिल्या दिवशी १ शमुवेल १:१ ते २:१० वाचतात. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे तिथला मराठी बोलणारा ज्यू समाज, या सणाला ‘नव्याचा सण’ म्हणत.

निकाल कसा लिहावा

वहीत दोन ओळी लिहा आणि त्या एकत्र करू नका. ‘अक्षरांप्रमाणे : देवाचे नाव.’ ‘आईच्या सांगण्याप्रमाणे : देवाकडून मागितलेला.’ दोन्ही खऱ्या आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिली नाव कसे घडले ते सांगते, दुसरी या मुलाला ते का दिले ते. नवसाने झालेल्या मुलाला हे नाव देताना दुसरी ओळ सांगावी, शब्दाची व्युत्पत्ती विचारली तर पहिली.

अक्षरांची बेरीजही काही जण करतात : शिन ३००, मेम ४०, वाव ६, आलेफ १, लामेद ३०, एकूण ३७७. ही गणना ज्यू परंपरेत जुनी आणि आवडीची आहे, पण व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून ती वापरत नाहीत.

मुलाचे नाव ठेवायचे असेल तर

देवनागरीत तीन रूपे चालतात. आजच्या इस्राएलमधल्या उच्चाराला ‘श्मुएल’ जवळचे, जुन्या पठणाला ‘शमुएल’, आणि मराठी ख्रिस्ती वाचकांच्या ओळखीचे ‘शमुवेल’. उच्चारात आघात शेवटच्या ‘एल’वर येतो. ‘समुएल’ टाळा, त्यात हिब्रू ‘श’ही नाही आणि इंग्रजी उच्चारही नाही. रोमन लिपीतले स्पेलिंग मात्र पहिल्याच कागदावर पक्के करा. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे असे झाले की पुढे प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते. भारतात जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव न घालताही ती होते, आणि १२ महिन्यांपर्यंत नाव शुल्काशिवाय भरता येते. तेव्हा घाईघाईत चुकीचे स्पेलिंग देऊ नका.

ज्यू घरात मुलाचे नाव सुंतेच्या वेळी, आठव्या दिवशी जाहीर होते. जन्माचा दिवस पहिला धरतात आणि दिवस सूर्यास्ताला बदलतो. मंगळवारी दुपारी जन्मलेल्याचा आठवा दिवस पुढचा मंगळवार. मंगळवारी अंधार पडल्यावर जन्मलेल्याचा पुढचा बुधवार. सूर्यास्त आणि अंधार यांच्या मधल्या वेळेत जन्म झाला असेल तर स्वतः न मोजता सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात, विचारा. त्यासाठी जन्माची वेळ मिनिटापर्यंत लिहून ठेवलेली असावी.

सामाजी म्हणजे कोण

मराठीत हे नाव शमुवेल किंवा सॅम्युएल होण्याआधी एका वेगळ्याच रूपात नांदत होते. कोकणातल्या बेने इस्रायली घरांत हिब्रू नावांना मराठी वळण मिळाले आणि आदराचा ‘जी’ लागला : अब्राहामचा आबाजी, शमुएलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. सर्वांत ठळक उदाहरण सामाजी हसाजी दिवेकर यांचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातल्या या अधिकाऱ्याने १७९६ साली मुंबईतले पहिले सिनेगॉग, शाआर हारहामीम, म्हणजे ‘दयेचे द्वार’, बांधले. मांडवीतला सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि मशीद स्थानकाचे नावही या सिनेगॉगवरून पडल्याचे मानतात. इंग्रजी कागदांत तेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर होतात.

हे नाव हिब्रूत मांडून पाहा : शमुएल बेन यहेज्केल. ‘बेन’ म्हणजे चा मुलगा. मराठीतही आपण स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो, म्हणून सामाजी हसाजी ही जोडी ‘बेन’ न उच्चारताच हिब्रू रीत पाळते. आणि दिवेकर हे गावावरून, रोहेकर, पेणकर, चेऊलकर यांच्यासारखे.

घराण्यातला एखादा पूर्वज शमुएल होता का हे शोधायचे असेल तर मराठी रूपावरून थेट उडी मारू नका. ‘सा’ने सुरू होणारे प्रत्येक नाव शमुएल नसते, आणि लाडाच्या नावात ‘एल’ तर पहिल्यांदा गळतो. हिब्रू नाव लिहिलेला पुरावा हवा : लग्नाचा करार म्हणजे केतुबा, सिनेगॉगची नोंदवही, किंवा थडग्यावरचा दगड.

दगड वाचताना सकाळी किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे उठून दिसतात. खडू किंवा तारेचा ब्रश लावू नका, दगड कायमचा खराब होतो. साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरतो. वर बहुधा पे आणि नून ही दोन अक्षरे असतात, ‘इथे पुरले आहे’ याचा संक्षेप. मग नाव, मग बेथ आणि शेवटचा नून, म्हणजे ‘बेन’, मग वडिलांचे नाव. शेवटचा नून ओळीखाली लांब उतरतो, वाव ओळीवरच थांबतो. हे दोन ओळखण्यात चूक झाली तर नाव भलतेच लागते. शमुएल वाचताना तपासायचे ते हेच, की मेमनंतर वाव आणि मग आलेफ आहे. तिथे आयिन दिसला तर तो माणूस शिमोन असण्याची शक्यता आधी धरा.

वर्ष अक्षरांत असते आणि हजाराचा आकडा बहुतेक वेळा गाळलेला असतो. ताव ४००, कोफ १००, नून ५०, वाव ६ अशी अक्षरे असतील तर बेरीज ५५६. त्यात ५००० मिळवा, ५५५६. त्यातून ३७६० वजा केले की १७९६ येते. मात्र ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बदलते. महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर ३७६१ वजा करा. तेवेत महिना डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो, तिथे तारखेसह पंचांग पाहावे लागते.

सर्वांत खाली पाच अक्षरे सापडतील : ताव, नून, त्सादे, बेथ, हे. ‘त्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो.’ अबीगईल दावीदला जे बोलली, त्यावरून ही प्रार्थना घेतली आहे, आणि ते बोलणे १ शमुवेल २५:२९ मध्ये आहे.